अली मोठा, लुईस त्याहून मोठा

१९६९ मध्ये मायामीतल्या एका स्टुडिओत दोन हेवीवेट जगज्जेते समोरासमोर उभे राहिले. एक रॉकी मार्सियानो, वय ४५, निवृत्त होऊन तेरा वर्षे झालेला. दुसरा महंमद अली, ऐन उमेदीत, पण सैन्यभरतीला नकार दिल्यामुळे परवाना गमावून बसलेला. दोघांनी कॅमेऱ्यापुढे एकेका मिनिटाच्या अनेक फेऱ्या खेळल्या, लढतीचे निरनिराळे शेवट चित्रित करून दिले. त्यातला खरा कोणता, ते संगणक ठरवणार होता. जानेवारी १९७० मध्ये हा चित्रपट पडद्यावर आला तेव्हा मार्सियानो विमान अपघातात मरण पावला होता, आणि अमेरिकी प्रेक्षकांनी त्याला तेराव्या फेरीत अलीला पाडताना पाहिले. या चित्रपटाचे निर्माते मरे वोरोनर यांनी १९६७ मध्ये रेडिओवर सर्व काळातल्या जगज्जेत्यांची संगणकी स्पर्धा घेतली होती. त्यात अलीला हरवले जिम जेफ्रीजने, ज्याचे विजेतेपदाचे दिवस १९०५ मध्येच संपले होते. अली चिडला आणि बदनामीचा दावा घेऊन कोर्टात गेला.

संगणकाला विचारावे इतकी या प्रश्नाची ओढ जुनी आहे. हेवीवेटमध्ये सर्वांत थोर कोण? आज वादाच्या शेवटी दोनच नावे उरतात, महंमद अली आणि जो लुईस. ‘द रिंग’ या मुष्टियुद्धाच्या मासिकाने १९९८ मध्ये हेवीवेट योद्ध्यांची क्रमवारी लावली, तेव्हा अली पहिला आणि लुईस दुसरा होता. मुष्टियुद्धाच्या संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २००५ मध्ये मतदान घेतले, तेव्हा लुईस पहिला ठरला. म्हणजे जाणकारांतही एकमत नाही. सर्वसामान्यांत मात्र ते आहे, आणि ते पूर्णपणे अलीच्या बाजूचे आहे. भारतात तर लुईसचे नाव ऐकलेली माणसे शोधावी लागतील. अली इथे येऊनही गेला. जानेवारी १९८० मध्ये दिल्लीत तो लष्करातल्या कौर सिंगबरोबर प्रदर्शनीय लढत खेळला. याच कौर सिंगने १९८२ च्या एशियाडमध्ये हेवीवेटचे सुवर्णपदक जिंकले. लुईसची अशी एकही आठवण आपल्याकडे नाही. पण आठवणींचा साठा मोठा म्हणून माणूस मोठा, हा हिशेब जगज्जेतेपदाला लागू होत नाही. जगज्जेता म्हणून जो लुईस अलीपेक्षा मोठा होता, आणि हे सिद्ध करायला संगणक लागत नाही.

आधी एक गोष्ट मोकळेपणाने मान्य केली पाहिजे. दोघे आपापल्या भरात असताना एका रात्री एकाच रिंगमध्ये उतरले असते, तर बहुधा अली जिंकला असता. नोव्हेंबर १९६६ मध्ये ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोडोममध्ये क्लीव्हलंड विल्यम्सला तिसऱ्या फेरीत संपवणारा अली पाहावा. सहा फूट तीन इंच उंची, दोनशे पौंडांच्या वर वजन, आणि पाय मिडलवेटचे. हात कमरेपाशी ठेवून, नुसती मान मागे नेऊन तो ठोसे चुकवत होता. लुईस त्याच्याहून इंच-दीड इंचाने बुटका आणि पायांनी संथ. तो छोटी-छोटी पावले टाकत, जमीन न सोडता पुढे सरके. रिंगभर फिरणारा प्रतिस्पर्धी त्याला जड जाई, हे बॉब पास्टरने १९३७ मध्ये दाखवून दिले होते. खुद्द लुईसला हे मान्य नव्हते. १९६७ मध्ये ‘द रिंग’मध्ये त्याच्या नावाने लेख छापून आला, आपण अलीला कसे बडवले असते हे सांगणारा. तरीही पैज लावायची झाली तर पंधरा फेऱ्यांनंतर गुणांवर अली, असेच म्हणावे लागेल.

पण थोरवी मोजण्याचे हे माप नव्हे. प्रत्येक पिढी आधीच्या पिढीपेक्षा थोडी उंच, थोडी वजनदार, थोडी वेगवान असते. समोरासमोरच्या काल्पनिक लढतीवर निकाल द्यायचा, तर अलीलाही साडेसहा फुटांच्या आजच्या योद्ध्यांपुढे उभे करावे लागेल आणि मग कुणाच्याच थोरवीला अर्थ राहणार नाही. माणसाने आपल्या काळात, आपल्यासमोर आलेल्यांचे काय केले, एवढेच तपासता येते.

तिथे लुईसचा कागद बोलतो. २२ जून १९३७ रोजी शिकागोत जेम्स ब्रॅडॉकला आठव्या फेरीत पाडून तो जगज्जेता झाला आणि २५ वेळा त्याने ते पद राखले. या २५ लढतींपैकी पूर्ण पंधरा फेऱ्या चालल्या फक्त तीन, टॉमी फार, आर्तुरो गोदॉय आणि जर्सी जो वॉलकॉट यांच्याविरुद्ध. बडी बेअर एकदा अपात्र ठरला. उरलेल्या सगळ्या लढती वेळेआधी संपल्या, म्हणजे गुणपत्रिकेचा प्रश्नच आला नाही. अलीने दोन कारकिर्दी मिळून १९ वेळा विजेतेपद राखले, त्यात सात लढती पूर्ण पंधरा फेऱ्या चालल्या. १९७६ मधल्या जिमी यंग आणि केन नॉर्टन यांच्याविरुद्धच्या निकालांवर तर आजही वाद होतात. यंगशी खेळताना अलीचे वजन २३० पौंड होते. तयारी न करताच तो उतरला होता, हे उघड दिसत होते. लुईसने असे करून पद पणाला लावल्याचे एकही उदाहरण त्याच्या भरातल्या काळात सापडत नाही.

यातही सर्वांत बोलका पुरावा आहे दुसऱ्या भेटीचा. पास्टरने १९३७ मध्ये लुईसला दहा फेऱ्या पळवले. १९३९ मध्ये पद पणाला असताना तो अकराव्या फेरीत आडवा झाला. चिलीच्या गोदॉयने फेब्रुवारी १९४० मध्ये वाकून, चिकटून, लुईसला खेळूच दिले नाही आणि निकाल विभागून आला; चार महिन्यांनी पंचांनी आठव्या फेरीत लढत थांबवली तेव्हा गोदॉयचा चेहरा ओळखू येत नव्हता. सहा फूट चार इंचांचा एब सायमन पहिल्या वेळी तेराव्या फेरीपर्यंत टिकला, दुसऱ्या वेळी सहाव्यापर्यंत. बडी बेअरने पहिल्या लढतीत लुईसला दोरांबाहेर फेकले होते. दुसरी लढत पहिल्याच फेरीत संपली. बिली कॉन तेरा फेऱ्या आणि मग आठ. वॉलकॉट पंधरा आणि मग अकरा. लुईसला एकदा कोडे घालता येई. तेच कोडे पुन्हा घालणाऱ्याला तो उत्तर देऊनच परत पाठवी. ही नुसत्या ताकदीची गोष्ट नाही. त्याचे गुरू जॅक ब्लॅकबर्न त्याच्याकडून एकेक चूक घोटून काढून घेत, आणि लुईस ती पुन्हा करत नसे. ज्याला लोक मठ्ठ, झोपाळू म्हणत, त्याचे डोके रिंगमध्ये किती चालत होते ते या जोड्यांवरून कळते.

या सगळ्यांत वरचढ जोडी अर्थातच मॅक्स श्मेलिंगची.

श्मेलिंग हा माजी जगज्जेता, जर्मन, चाणाक्ष. लुईसच्या लढतींच्या फिती पाहून त्याने एक खोट हेरली होती. डाव्या हाताचा जॅब मारून झाला की लुईस तो हात खाली आणतो. १९ जून १९३६ रोजी न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये त्याच फटीतून श्मेलिंगचा उजवा हात पुन्हा पुन्हा आत गेला. चौथ्या फेरीत लुईस पडला, बाराव्यात उठू शकला नाही. तोवर अजिंक्य असलेला तो २२ वर्षांचा मुलगा होता. वर्षभराने जगज्जेता झाल्यावरही तो हेच सांगत राहिला की श्मेलिंगला हरवेपर्यंत मला जगज्जेता म्हणू नका.

२२ जून १९३८ ला दोघे त्याच मैदानावर पुन्हा भेटले. सुमारे ७० हजार माणसे जमली होती आणि रेडिओला कान लावून बसलेले कोट्यवधी. हिटलरच्या राजवटीने श्मेलिंगला आपल्या वंशश्रेष्ठत्वाचा पुतळा करून ठेवले होते. श्मेलिंग स्वतः नाझी पक्षाचा सभासद नव्हता, त्याचा व्यवस्थापक ज्यू होता, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बर्लिनमध्ये ज्यूंवर हल्ले झाले तेव्हा त्याने दोन ज्यू मुलांना आपल्या खोलीत लपवून वाचवले. पण त्या रात्री हे कुणाला ठाऊक होते? अमेरिकेतल्या गोऱ्यांनी एका काळ्या माणसाला इतिहासात पहिल्यांदाच ‘आपला’ म्हटले, आणि लुईसच्या डोक्यावर ते ओझे चढले. चोवीस वर्षांच्या माणसाने हे सगळे पेलून काय केले, तर लढत दोन मिनिटे चार सेकंदांत संपवली. श्मेलिंग तीनदा पडला. बरगडीखाली बसलेल्या एका उजव्या ठोशाने त्याच्या पाठीच्या मणक्याला इजा झाली. ती फीत आजही पाहायला मिळते. तिच्यात एकही वाया गेलेली हालचाल नाही, राग आहे पण घाई नाही. हेवीवेट मुष्टियुद्धात याहून परिपूर्ण १२४ सेकंद कुणी खेळलेले नाहीत.

अलीचे चाहते इथे किन्शासा पुढे करतील, आणि ते योग्यच आहे. ३० ऑक्टोबर १९७४ रोजी ३२ वर्षांच्या अलीने ४० लढती न हरलेल्या जॉर्ज फोरमनला आठव्या फेरीत पाडले. हाच फोरमन, ज्याने जो फ्रेझर आणि केन नॉर्टन या अलीला हरवणाऱ्या दोघांना दोन-दोन फेऱ्यांत संपवले होते. दोरांवर रेलून, मार खात, फोरमनला दमवून मग उलटवार करण्याचे धाडस दुसऱ्या कुणाला सुचलेही नसते. एकच विजय निवडायचा असेल तर इतिहासातला सर्वांत मोठा विजय तोच. अलीच्या वाट्याला आलेले प्रतिस्पर्धीही लुईसच्या प्रतिस्पर्ध्यांपेक्षा सरस होते. सॉनी लिस्टन, फ्रेझर, फोरमन यांच्या तोडीचे तिघे लुईसला भेटले नाहीत. लुईसच्या बाजूने बोलताना हा मुद्दा सर्वांत अवघड आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही.

तरीही लुईसच्या प्रतिस्पर्ध्यांना ‘दरमहा एक भुक्कड’ म्हणून निकालात काढायची जी सवय पडली आहे, ती अन्यायाची आहे. हे नाव पडले डिसेंबर १९४० ते जून १९४१ या काळात, कारण तेव्हा लुईसने सहा महिन्यांत सात वेळा विजेतेपद पणाला लावले. आज जगज्जेता वर्षात एकदा-दोनदा उतरतो आणि आपण त्याचे कौतुक करतो. लुईस जो समोर येईल त्याच्याशी, आणि महिन्याच्या महिन्याला लढला. शिवाय कधी ना कधी जगज्जेता असलेल्या सहा जणांना त्याने हरवले. कार्नेरा, मॅक्स बेअर, शार्की, ब्रॅडॉक, श्मेलिंग आणि पुढे त्या पदाला पोचलेला वॉलकॉट. आणि अलीचे सगळेच प्रतिस्पर्धी फ्रेझर नव्हते. बेल्जियमचा कूपमन, इंग्लंडचा रिचर्ड डन, स्पेनचा एव्हांजेलिस्ता, हेही त्याच यादीत आहेत. त्यांच्यावरून अलीला कुणी टोमणा मारत नाही.

त्या सातांतला शेवटचा होता बिली कॉन. १८ जून १९४१, पोलो ग्राउंड्स. कॉन खरे तर लाइट हेवीवेट, लुईसपेक्षा निदान पंचवीस पौंडांनी हलका, पण विजेसारखा. बाराव्या फेरीअखेर दोन गुणपत्रिकांवर तो पुढे होता, तिसरी बरोबरीत होती. बाराव्यात त्याने लुईसला डळमळवलेही. कोपऱ्यातल्या माणसांनी बजावले, आता लांब राहा, लढत तुझी आहे. तरण्या कॉनला पाडूनच जिंकायचे होते. तो तेराव्यात पुढे घुसला, आणि लुईस बारा फेऱ्या ज्या एका उघड्या जागेची वाट पाहत होता ती त्याला मिळाली. फेरी संपायला दोन सेकंद असताना पंचांनी दहा मोजले. हरत असलेला जगज्जेता गडबडला नाही, ओरडला नाही, आपली रीत सोडली नाही. पुढे १९४६ च्या लढतीआधी कॉनच्या वेगाबद्दल विचारले तेव्हा लुईस म्हणाला, “त्याला पळता येईल, लपता येणार नाही.”

१९४१ आणि १९४६. मधली वर्षे कुठे गेली, हे अलीच्या बाजूने बोलणारे सहसा सांगत नाहीत. अलीचे २५ ते २८ या वयातले साडेतीन वर्षांचे उत्तम मुष्टियुद्ध सरकारने हिरावून घेतले, हे खरे आणि संतापजनक आहे. २८ एप्रिल १९६७ ला त्याने सैन्यात जायला नकार दिला, पाच वर्षांची शिक्षा झाली, परवाने गेले. १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध शून्य मतांनी त्याला निर्दोष ठरवले. पण लुईसही मार्च १९४२ ते जून १९४६ या चार वर्षांत एकही मोठी लढत खेळला नाही. २७ ते ३२ हे हेवीवेटचे सोन्याचे वय त्याने लष्करात घालवले, सुमारे वीस लाख सैनिकांपुढे प्रदर्शनीय लढती खेळत. त्याआधीच्या दोन लढतींची कमाई त्याने नौदल आणि लष्कराच्या मदतनिधीला देऊन टाकली. परतला तो मंदावलेल्या पायांनी. अलीची गेलेली वर्षे आपण त्याच्या खात्यात जमा धरतो. मग लुईसची चार वर्षे कुणाच्या खात्यात?

अली बोलला आणि लुईस गप्प राहिला, म्हणून अली मोठा, असेही म्हटले जाते. हा युक्तिवाद ऐकायला आवडतो, पण तो इतिहास विसरून केलेला आहे. जॅक जॉन्सन हा पहिला काळा हेवीवेट जगज्जेता. १९१० मध्ये त्याने जेफ्रीजला हरवले तेव्हा अमेरिकेतल्या शहराशहरांत दंगली उसळल्या, काळ्यांचे मुडदे पडले. १९१५ मध्ये त्याचे पद गेल्यावर बावीस वर्षे एकाही काळ्या माणसाला विजेतेपदासाठी लढू दिले नाही. दार असे बंद असताना डेट्रॉइटचा हा मुलगा पुढे आला. अलाबामात बटाईने शेती करणाऱ्या कुटुंबात, १९१४ साली जन्मलेला. त्याचे व्यवस्थापक जॉन रॉक्सबरो यांनी त्याला नियम घालून दिले. गोऱ्या बाईबरोबर फोटो काढू द्यायचा नाही. पडलेल्या प्रतिस्पर्ध्याकडे पाहून हसायचे नाही. लढत साधी, सरळ, नियमाने खेळायची. लुईसने ते नियम जाहीर आयुष्यात पाळले आणि दार उघडले. एवढेच नाही, फोर्ट रायलीच्या छावणीत काळ्या जवानांना अधिकारी-प्रशिक्षणापासून अडवले जात होते, तेव्हा त्याने आपले वजन खर्च करून त्यांच्यासाठी वाट काढली. त्या जवानांत जॅकी रॉबिन्सन होता, पुढे बेसबॉलमधली वर्णभेदाची भिंत पाडणारा.

साठच्या दशकात अलीने याच माणसाला गोऱ्यांचा मिंधा ठरवून हिणवले. लुईसनेही अलीच्या नकारावर कडवट टीका केली. दोघेही एकमेकांना समजून घेण्यात कमी पडले. पण फरक असा की रिंगमध्ये समोर उभ्या असलेल्या माणसाचा मान लुईसने कधी हिरावला नाही. अलीच्या हातून ते घडले. बंदीच्या काळात ज्या फ्रेझरने त्याला मदत केली, त्याचा परवाना परत मिळावा म्हणून शब्द टाकला, त्याच फ्रेझरला मनिलाच्या लढतीआधी त्याने जगापुढे गोरिला म्हटले. फ्रेझरच्या मनातला तो सल शेवटपर्यंत गेला नाही. २००१ मध्ये अलीने त्याबद्दल जाहीर माफी मागितली, हे त्याच्या मोठेपणाला शोभणारे झाले. पण जखम झाली होती.

लुईस निर्दोष होता असे नाही. डिसेंबर १९४७ मध्ये वॉलकॉटने त्याला दोनदा पाडले, निकाल लुईसच्या बाजूने लागला तेव्हा न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये लोकांनी हुर्यो उडवली, आणि निकालाआधीच लुईस मान खाली घालून रिंगबाहेर पडू लागला होता. बहुतेकांच्या मते ती लढत वॉलकॉटची होती. सहा महिन्यांनी लुईसने त्याला अकराव्या फेरीत पाडले आणि हिशेब मिटवला.

पुढचे सगळे करुण आहे. दान केलेल्या कमाईवरही आयकर खात्याने हात टाकला, थकबाकी लाखो डॉलरांत गेली आणि निवृत्त लुईसला पैशासाठी पुन्हा हातमोजे चढवावे लागले. १९५० मध्ये एझर्ड चार्ल्सकडून हरला, ऑक्टोबर १९५१ मध्ये मार्सियानोने त्याला आठव्या फेरीत दोरांबाहेर पाडले. जिंकलेला मार्सियानो नंतर रडला. अलीचा शेवटही असाच झाला, १९८० मध्ये होम्सपुढे आणि १९८१ मध्ये बर्बिकपुढे. या संध्याकाळच्या हारी दोघांच्याही नावे लावू नयेत. त्या वगळल्या तर लुईसच्या नावावर एकच हार राहते, श्मेलिंगची, आणि तिची परतफेड त्याने केली. अलीच्या नावावर तीन राहतात. फ्रेझर, नॉर्टन आणि जेमतेम सात व्यावसायिक लढती खेळलेला लिऑन स्पिंक्स. त्याही त्याने फेडल्या, पण स्पिंक्सकडून त्याचे विजेतेपद रिंगमध्येच गेले होते. लुईस १ मार्च १९४९ ला जगज्जेता म्हणूनच पायउतार झाला, ११ वर्षे ८ महिन्यांनी.

अली विसाव्या शतकातला सर्वांत मोठा खेळाडू असेल. जगभरच्या लोकांनी त्याला तो मान दिला आहे आणि तो त्याचा आहे. हेवीवेटचे जगज्जेतेपद मात्र जो लुईसइतके कुणी वागवले नाही. लॅरी होम्सने ते २० वेळा राखले, व्लादिमीर क्लिच्कोने दोन कारकिर्दी मिळून २३ वेळा. सलग २५ चा विक्रम अजून लुईसच्याच नावावर आहे.